पागडीवाले भाडेकरू

सकाळच्या गर्दीत वसई रोडच्या प्लॅटफॉर्मवर नुसते कान उघडे ठेवून उभे राहा. ‘काय म्हणतोस?’ या प्रश्नाला चारी बाजूंनी एकच उत्तर ऐकू येतं. ‘थकलोय यार!’ अहो, सकाळी! अजून गाडीत चढायचंय, अंधेरीला धक्के खात उतरायचंय, बॉसचं तोंड बघायचंय, आणि हा आत्ताच थकलाय. वय विचाराल, तर एकोणतीस.

‘एनर्जीच नाही रे,’ हे त्याचं पुढचं वाक्य. मग ती आणायची कुठून, यावर फुकटचे सल्ले सुरू होतात. कुणी कॅनमधलं गोड पेय सुचवतो, कुणी बिनदुधाची कॉफी, कुणी जिममधल्या ट्रेनरने कानात सांगितलेली पावडर. एनर्जी हा शब्द आपण दिवसातून पन्नास वेळा वापरतो. पण ती शरीरात नेमकी बनते कुठे, असं विचारलं की सगळे मोबाइलमध्ये डोकं घालतात.

गंमत म्हणजे याचं उत्तर आपण सगळ्यांनी एका मार्कासाठी पाठ केलेलं आहे. पेशीचं ऊर्जाकेंद्र कोणतं? तंतुकणिका. इंग्लिश मीडियमवाल्यांचं मायटोकॉन्ड्रिया. मार्क मिळाला, विषय संपला! मला विचाराल तर शाळेच्या पुस्तकातली सगळ्यात भारी गोष्ट आपल्याला एका मार्कात उरकून दिली गेली. आज तिचे उरलेले मार्क वसूल करू या.

पापडीच्या माणसाला उदाहरण सुचणार ते केळ्याचंच. आमच्या वसईची केळी प्रसिद्ध, आणि राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी ज्यांनी खाल्ली नसतील त्यांचं आयुष्य जरा कमीच पडलं म्हणायचं. तर समजा, नाश्ता चुकला आणि तुम्ही बाजारातून घेतलेलं केळं गाडीत उभ्या उभ्या खाल्लंत. पोटात त्याची साखर सुटी होते, रक्तातून पेशीच्या दारात येते. आत शिरल्या शिरल्या तिचे तुकडे पडतात आणि त्या मोडतोडीतून एटीपी नावाची दोन नाणी हातात येतात. एटीपी म्हणजे शरीरातलं चालतं चलन. स्नायू आखडायचा असो, हृदयाचा ठोका असो, की बॉसला काय थाप मारायची याचा विचार असो, बहुतेक सगळी बिलं याच नाण्यांत चुकवावी लागतात. तिथे यूपीआय चालत नाही!

आता एका साखरेच्या रेणूमागे दोन नाणी म्हणजे कुणाचं भागणार? मग ते तुकडे मायटोकॉन्ड्रियात जातात, आणि त्याच साखरेतून आणखी जवळजवळ तीस नाणी निघतात. दोन आणि तीस. आपलं चालणं, बोलणं, विचार करणं, सगळं या फरकावर उभं आहे.

आत काय चालतं, ते वेस्टर्न रेल्वेच्या पासधारकाला पटकन कळेल. अन्नातून सुटलेले इलेक्ट्रॉन एका प्रथिनावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असे उतरत जातात, विरारहून सुटलेली गाडी एकेक स्टेशन घेत जावी तसे. शेवटचं स्टेशन म्हणजे ऑक्सिजन. तिथे इलेक्ट्रॉन उतरतात, हायड्रोजन येऊन मिळतो आणि पाणी तयार होतं. आपण श्वास घेतो तो मुख्यतः यासाठी, या शेवटच्या स्टेशनावर उतरायला जागा राहावी म्हणून. चर्चगेटला गाडी रिकामीच झाली नाही तर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मागची मरीन लाइन्सला अडकते, तिच्या मागची दादरला, आणि बघता बघता बोरिवलीपर्यंत रांग. ऑक्सिजन तुटला की पेशीत हेच होतं. मेंदूच्या पेशी तर काही मिनिटांत दगावू लागतात. रहस्यकथांमधलं लाडकं सायनाइड आणखी वाईट खेळ करतं. रक्तात ऑक्सिजन असतो, पण शेवटच्या स्टेशनाचा फलाटच ते बंद करून टाकतं. हवा भरपूर आणि माणूस गुदमरलेला.

बरं, इलेक्ट्रॉन खाली उतरले म्हणून नाणी लगेच पडत नाहीत. मधे एक पायरी आहे आणि ती शोधायला शास्त्रज्ञांना बराच घाम गाळावा लागला. १९६१ मध्ये पीटर मिचेल या ब्रिटिश संशोधकाने सांगितलं की उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनची शक्ती पंपासारखी वापरली जाते. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापलीकडे प्रोटॉन ढकलले जातात, तिथे त्यांची दाटी होते, आणि परत यायची त्यांची मुख्य वाट जाते एका फिरत्या यंत्रातून. हे म्हणजे आपलं खोपोली! टाटांनी घाटावर पाणी अडवलं, पाइपांतून खाली सोडलं, चक्रं फिरली आणि १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. मिचेलचं धरण इतकंसं की केसाच्या जाडीत अशी शेकडो मायटोकॉन्ड्रिया दाटीवाटीने बसतील, पण तत्त्व तेच. त्या यंत्राची चक्री खरोखर फिरते, सेकंदाला शंभरेक वेळा, आणि फिरता फिरता नाणी पाडते.

मिचेलचं म्हणणं बरीच वर्षं कुणाला पटेना. तब्येत बिघडून त्याने विद्यापीठ सोडलं, कॉर्नवॉलमधला एक पडका वाडा दुरुस्त करून तिथेच आपली खासगी प्रयोगशाळा थाटली आणि चिकाटीने काम करत राहिला. १९७८ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला एकट्याला मिळालं. वर्क फ्रॉम होमवाल्यांनी नोंद घ्यावी.

आणि हा धंदा केवढ्याचा? कुठल्याही क्षणी आपल्या शरीरात एटीपी असतं काही ग्रॅमपासून पाव किलोच्या आतबाहेर. पण तेच पुन्हा पुन्हा मोडून पुन्हा पुन्हा घडवलं जातं. दिवसाची एकूण उलाढाल काढली तर ती साधारण आपल्या स्वतःच्या वजनाइतकी भरते. म्हणजे खुर्चीत बसून दिवसभर एक्सेल शीट भरणारा साठ किलोचा माणूससुद्धा आत साठेक किलो माल उचलून ठेवतो. ‘आज काहीच केलं नाही’ असं म्हणायची सोय नाही.

आता मुख्य भानगड. हे मायटोकॉन्ड्रिया आपले नाहीतच! म्हणजे आहेत, पण मूळचे नाहीत. दीड-दोन अब्ज वर्षांपूर्वी ते स्वतंत्र जिवाणू होते. अशा एका जिवाणूला दुसऱ्या एका पेशीने आत घेतलं, गिळायला की आणखी कशाला, यावर अजून वाद आहेत. पण पचवलं मात्र नाही. तो आत राहिला, आणि भाडं म्हणून ऊर्जा देऊ लागला. १९६७ मध्ये लिन मार्ग्युलिस या तरुण अमेरिकन बाईंनी हे ठामपणे मांडलं, तेव्हा त्यांचा लेख पंधराएक नियतकालिकांनी साभार परत पाठवला होता. आज तो पाठ्यपुस्तकात आहे.

मुंबईकराला हे नातं समजावून सांगायची गरजच नाही. पागडी! भाडेकरू इतका जुना की घर कुणाचं तेच कळेनासं झालंय. त्याने आपली बहुतेक कागदपत्रं घरमालकाच्या कपाटात नेऊन ठेवलीत. मायटोकॉन्ड्रियाला लागणारी हजारावर प्रथिनं आहेत, आणि त्यांतली जवळजवळ सगळी पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएवरून बनतात. स्वतःच्या खोलीत त्याने ठेवलाय तो फक्त ३७ जनुकांचा, १६,५६९ अक्षरांचा छोटासा डीएनए. तो संपूर्ण वाचला गेला १९८१ मध्ये, केंब्रिजला. आता भाडेकरूला बाहेर काढलं तर तो जगणार नाही, आणि तो गेला तर मालक जगणार नाही. शिवाय बिल्डिंग पाडायचा खटकाही भाडेकरूच्याच खोलीत! पेशी फारच बिघडली की मायटोकॉन्ड्रिया एक प्रथिन बाहेर सोडतात आणि पेशी शिस्तीत स्वतःला संपवते. आईच्या पोटात असताना आपली बोटं एकमेकांपासून सुटी झाली ती मधल्या पेशींनी असंच स्वतःला संपवल्यामुळे.

हे भाडेकरू आपल्याकडे आले कुणाकडून? आईकडून. फक्त आईकडून. स्त्रीबीजात ते लाखाच्या घरात असतात. शुक्रजंतूकडे पोहण्यापुरते थोडे असतात, आणि ते आत शिरले तरी पुढे नष्ट केले जातात. आडनाव बाबांचं, नाक आत्याचं, पण एनर्जीचा कारखाना पूर्णपणे आईच्या माहेरचा. आईला तो तिच्या आईकडून, तिला तिच्या आईकडून, अशी ती रांग मागे मागे जाते. मी हे आमच्या मातोश्रींना मोठ्या कौतुकाने सांगितलं. त्या वालाच्या शेंगा निवडत होत्या. म्हणाल्या, ‘मग माझ्यात आहे ती तुझ्यात का दिसत नाही?’ या प्रश्नाकडे आपण नंतर येऊ.

या आईकडच्या रांगेने एकदा गोव्यात चारशे वर्षांचं एक कोडं जवळजवळ सोडवलं. जॉर्जियातल्या काखेती राज्याची राणी केतेवान हिला इराणच्या शाह अब्बासने कैदेत ठेवलं होतं. धर्म सोडायला ती तयार होईना, म्हणून १६२४ मध्ये शिराझला तिचे हाल करून तिला मारण्यात आलं. तिथे असलेल्या पोर्तुगीज ऑगस्टिनियन साधूंनी तिच्या अस्थी मिळवल्या आणि त्यांतल्या काही १६२७ मध्ये गोव्याला, जुन्या गोव्यातल्या आपल्या मठात आणून ठेवल्या. (याच पंथाचा मठ आमच्या वसईच्या किल्ल्यातही होता. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला तोवर तिथे पोर्तुगीजांचंच राज्य होतं. आज त्या पडक्या भिंतींसमोर प्री-वेडिंगचे फोटो निघतात.) पुढे गोव्यातला तो मठ ओस पडला, १८४२ मध्ये चर्चचं छप्पर कोसळलं, आणि राणीच्या अस्थी ढिगाऱ्याखाली गेल्या. जॉर्जियात ती संत. तिथले लोक अस्थी शोधत वारंवार गोव्यात येत राहिले.

जुन्या पोर्तुगीज कागदात जागेचा अंदाज होता. पुरातत्त्व खात्याने खोदकाम केलं, आणि २००४ मध्ये तिथे हाताचं एक हाड मिळालं. पण हे हाड राणीचंच कशावरून? ते हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत गेलं. तिथल्या शास्त्रज्ञांनी हाडातला मायटोकॉन्ड्रियाचा डीएनए वाचला. तोच का? कारण पेशीत केंद्रकाच्या डीएनएच्या प्रती असतात दोन, आणि मायटोकॉन्ड्रियाच्या डीएनएच्या असतात शेकड्यांनी, हजारांनी. शतकानुशतकं मातीत पडलेल्या हाडातून काही हाती लागायचं तर तेच लागण्याची शक्यता जास्त. त्या हाडात सापडली आईकडची ‘यू-१-बी’ नावाची वंशरेषा. भारतातल्या बावीस हजारांहून जास्त माणसांच्या नोंदी तपासल्या, त्यांत ही रेषा एकातही नव्हती. जॉर्जियातल्या काही नमुन्यांत मात्र होती. शास्त्रज्ञांनी आपल्या निबंधात शब्द जपून वापरला, ‘बहुधा’ हे हाड केतेवानचं. जुलै २०२१ मध्ये भारत सरकारने त्या अस्थींचा एक भाग जॉर्जियाला भेट दिला, परराष्ट्रमंत्री स्वतः घेऊन गेले.

मला यातली एक गोष्ट फार चटका लावून जाते. राणीचा मुलगा तैमुराझ पुढे राजा झाला, कवी म्हणूनही गाजला. आईचे मायटोकॉन्ड्रिया त्याच्यात होतेच. पण पुरुष असल्यामुळे ते त्याच्यापाशीच थांबले. राजाची वंशावळ कागदावर लिहिली गेली, आणि राणीची ओळख पटवायला वेगळीच वही उघडावी लागली.

तशी एक वही आमच्या रेल्वे लाइनवरही उघडली गेलीय. वसई रोडवरून गुजरातच्या दिशेने गेलात की डहाणू, घोलवड, उंबरगावनंतर संजाण लागतं. इराणहून आलेल्या पारशांचा इथला पहिला मुक्काम तो. संजाणच्या उत्खननात मिळालेल्या जुन्या पारशी अवशेषांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आईकडच्या वंशरेषांपैकी ४८ टक्के दक्षिण आशियातल्याच निघाल्या. म्हणजे दुधात साखर विरघळल्याची जी गोष्ट आपण ऐकत आलो, तिच्यात इथल्या बायकाही होत्या. गोष्टीत त्यांचा उल्लेख नाही, हाडांत आहे.

आईकडून येतं त्यात आजारही येऊ शकतात, आणि इथे मी जरा गंभीर होतो. मायटोकॉन्ड्रियाचे जन्मजात आजार साधारण पाच हजारांत एका माणसाला होतात. ज्या अवयवांना ऊर्जा जास्त लागते तिथे आधी अंधार होतो. मेंदू, डोळे, हृदय, स्नायू. ठणठणीत तरुणाची नजर काही आठवड्यांत जाते, लहान मूल चालता चालता मागे पडायला लागतं. आपल्याकडे मूल आजारी म्हटलं की घरातली चार बोटं आधीच आईकडे वळलेली असतात. त्यात हे ‘आईकडून’ वाचून कुणाच्या हाती कोलीत मिळायला नको, म्हणून स्पष्ट सांगतो. या आजारांपैकी बरेचसे केंद्रकातल्या जनुकांमुळे होतात, म्हणजे त्या कागदपत्रांमुळे जी आई आणि बाबा दोघांकडून येतात. आणि जे निव्वळ आईकडून येतात त्यांत आईच्या वागण्याचा, खाण्यापिण्याचा, गरोदरपणातल्या कशाचाही काडीचा दोष नसतो.

अशा आयांसाठी इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला एक वाट निघाली आहे. आईबाबांच्या फलित बीजाचं केंद्रक काढून दुसऱ्या स्त्रीच्या निरोगी मायटोकॉन्ड्रिया असलेल्या बीजात ठेवायचं. कायद्याने परवानगी मिळाली २०१५ मध्ये, आणि या पद्धतीने आठ बाळं जन्मल्याचं जुलै २०२५ मध्ये जाहीर झालं. पेपरवाल्यांनी ‘तीन पालकांचं बाळ’ म्हणून हेडलाइन केली. वीसेक हजार जनुकं आईबाबांची आणि ३७ त्या तिसऱ्या बाईची. पालक बिलक काही नाही हो, शेजारणीने विरजण दिलं इतकंच! पण त्या सात आयांना विचारा, विरजण काय चीज असते.

आता आपल्या एकोणतीस वर्षांच्या थकलेल्या मित्राकडे. त्याला वरचा कुठलाही आजार नाही. त्याच्या हातात कॉफी आहे. कॉफीतून त्याला एनर्जी मिळत नाही, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं. एटीपीतला पहिला शब्द ॲडेनोसिन. दिवसभर नाणी मोडली की मेंदूत सुटं ॲडेनोसिन साठत जातं आणि ते मेंदूला सांगतं, बाबा रे, आता पुरे. कॅफीन त्या ॲडेनोसिनच्या बसायच्या जागेवर रुमाल टाकून ठेवतं. निरोप पोहोचतच नाही. थकवा आहे तिथेच आहे, फक्त कळत नाही. कटिंग मीही घेतो, सोडा म्हणत नाही. पण ते चहाचं बिल आहे, ऊर्जेचं नव्हे.

ट्रेनरच्या पावडरीबद्दल मात्र माझा आवाज चढतो. ‘फॅट बर्नर’ म्हणून इंटरनेटवर जे जे विकलं जातं त्यात डीएनपी हे रसायन आजही सापडतं. १९३३ मध्ये अमेरिकेत डॉक्टरांनीच ते वजन उतरवायला आणलं, आणि वजन खरंच उतरलं. कारण ते मायटोकॉन्ड्रियाच्या धरणाला गळती लावतं. पाणी चक्रीतून न जाता भलतीकडून वाहून जातं, नाणी पडत नाहीत, सगळी शक्ती उष्णता बनते. चरबी जळते, आणि माणूस आतून तापतो. किती तापायचं यावर ताबा नाही, आणि विषबाधा झाली तर उतारा नाही. माणसं मेली, काहींना मोतीबिंदू झाला, १९३८ मध्ये अमेरिकेने ते माणसांसाठी बंद केलं. जगात अजूनही त्याने तरुण मुलं-मुली मरतात, बहुतेक वेळा सिक्स पॅकच्या किंवा बारीक होण्याच्या नादात. नाव न छापलेली पिवळी पावडर कुणी दिली तर ट्रेनर कितीही जिगरी असो, सरळ परत करा.

मग करायचं काय? आधी एक रक्ततपासणी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ४४१ पुरुषांची तपासणी करून २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. शहरी मध्यमवर्गीयांपैकी ८१ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी होतं. म्हणजे अगदी आपल्यासारखेच, टेबल-खुर्चीवाले. शरीरात या जीवनसत्त्वावर चालणारी कामं मोजून दोन, आणि त्यातलं एक मायटोकॉन्ड्रियाच्या आत होतं. ते शाकाहारात दुधाखेरीज फारसं मिळत नाही. आमच्या पापडीत बांगड्याचं कालवण असल्याने बऱ्याच जणांची ती बाजू सुरक्षित आहे, तरी बांगडा खातो म्हणून तपासणी टाळू नका. मुलींनी लोह बघावं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्त कमी आढळलं होतं. लोह ऑक्सिजन वाहून आणायला लागतं, आणि गंमत म्हणजे त्या इलेक्ट्रॉनच्या स्टेशनांच्या बांधकामातही लागतं. दोन्हीकडे टंचाई असेल तर मोटिव्हेशनल व्हिडिओ बघून काय होणार?

तपासणी नॉर्मल आली, झोपही बरी आहे, तरीही ‘थकलोय यार’ चालूच असेल तर मातोश्रींच्या प्रश्नाकडे यावं लागतं. भाडेकरू तिच्याकडूनच आले, मग तिच्यात आहे ते माझ्यात का नाही?

१९६७ मध्ये, मार्ग्युलिसबाईंचा लेख आला त्याच वर्षी, जॉन हॉलोझी या अमेरिकन डॉक्टरांचाही एक लेख आला. त्यांनी उंदरांना काही आठवडे फिरत्या पट्ट्यावर पळवलं. बसून राहिलेल्या उंदरांशी तुलना केली, तर पळणाऱ्यांच्या पायांच्या स्नायूंत मायटोकॉन्ड्रियाची ऑक्सिजन वापरायची ताकद दुपटीच्या आसपास गेलेली. माणसांतही हेच दिसलं. पेशी वारंवार नाणी संपवते तेव्हा आत निरोप जातो आणि नवे मायटोकॉन्ड्रिया बांधायला घेतले जातात, जुने फुगतात, विभागतात. काही आठवड्यांत फरक मोजता येतो. उलटही तितकंच खरं. चालणं बंद झालं की पेशी रिकाम्या खोल्या पोसत नाही, महिना उलटायच्या आत वाढलेलं आवरायला घेते. डिझाइन आईकडून आलं. किती खोल्या राखायच्या ते पाय ठरवतात.

आमच्याकडच्या जुन्या बायका पहाटेच्या गाडीने वाडीतली भाजी, फुलं, विड्याची पानं घेऊन मुंबईला जायच्या. डोक्यावर टोपली, दारोदार जिने. त्यांचं कौतुक करताना मी जरा जपून करतो, कारण त्यांच्यातल्या कितीतरी जणींचे गुडघे त्या ओझ्याने गेले. आणि तो व्यायाम नव्हता, पोटासाठी होता. पण त्या बायका थकलेय म्हणायच्या ते रात्री, सकाळी नव्हे. माझा दिवस बघा. घर ते रिक्षा, रिक्षा ते गाडी, गाडी ते रिक्षा, रिक्षा ते लिफ्ट, लिफ्ट ते खुर्ची. नऊ तास खुर्ची. मग हाच पिक्चर उलटा. कारखान्याला ऑर्डरच नाही, तर तो तीन पाळ्यांत चालणार कसा?

जिमची वर्षाची फी भरून तीनदा जाण्याचा मार्ग मी सुचवणार नाही, तो आपल्या सगळ्यांचा करून झालाय. मी सध्या इतकंच करतो. संध्याकाळी स्टेशनवरून शेअर रिक्षाच्या रांगेत उभा न राहता अर्धं अंतर भरभर चालतो. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, इतपत भरभर. दम लागला पाहिजे, नाहीतर आत निरोप जात नाही. मग रिक्षा पकडतो आणि पापडीच्या तलावापाशी उतरतो. रांगेतही तेवढाच वेळ जात होता, शिवाय तिथे पुढच्याच्या बॅगेचा बंद नाकात जायचा.

ऑफिसात लिफ्टला अजून हात लावतोच. सातवा मजला आहे हो. पण उतरताना जिना, आणि चढताना निदान चौथ्यापर्यंत.

रिक्षावाले भाऊ, राग नसावा. जुलैत त्या रस्त्यावर गुडघाभर पाणी भरलं की मी पुन्हा तुमच्याच रांगेत उभा असणार आहे.